ढोलाचं डावं तोंड

शाळेचा कॉम्प्युटर बैलगाडीत ठेवताना मुंजाजीनं आधी कडबा अंथरला, त्यावर दोन वाकळा टाकल्या, त्यावर आईचं जुनं लुगडं घातलं, आणि एवढं करूनही त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सेलूहून वालूरपर्यंत तो टेम्पोत आला, तिथवर डांबरी होती. पुढचा, वाडीपर्यंतचा दीड कोस नुसता दगडगोट्यांचा. चाक धोंड्यावर चढलं की तो दोन्ही हातांनी खोकं उचलून धरायचा आणि चाक उतरलं की पुन्हा टेकवायचा. गाडीवान मागं वळून म्हणाला, की नवी नवरीसुद्धा कुणी एवढी जपत नाही. मुंजाजीला हसू आलं नाही. नवरी आदळली तर निदान ओरडते. हे यंत्र आदळलं तर गप्प बसणार, आणि ते गप्प बसलंय हे उद्या दुपारी बिरोबाच्या माळावर सगळ्या वाडीसमोर कळणार.

उद्या जत्रा होती. बिरोबापुढं पाच फेर धरतात आणि पाचही फेरांना ढोल मुंजाजीच्या घरचा. मान त्यांचा. मान म्हणजे काही घबाड नव्हे. एक नारळ, एक मुंडासं, आणि सगळ्यांच्या आधी कपाळाला लागणारा भंडारा. पण मुंजाजीच्या बापानं, दत्तरावनं, उभा जन्म मेंढरांमागं काढला होता. कुणाच्या बांधावर मेंढरू गेलं म्हणून शिव्या खाल्ल्या, कुणाच्या रानात उन्हातान्हात रोजानं राबला. वर्षातून एकच दिवस असा, की तो ढोल गळ्यात घालून निघाला की पाटीलसुद्धा बाजूला सरकून त्याला वाट द्यायचा. त्या एका दिवसाच्या भरवशावर म्हातारा बाकीचे सगळे दिवस काढत आला होता.

गेल्या दिवाळीत दत्तरावच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दोन महिन्यांत पाय चालता झाला, जीभही सुटली, हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. ढोलाला दोन तोंडं असतात. उजवं बारीक बोलतं, डावं धुमतं. आणि डावं धुमलं नाही तर फेरातल्या माणसाचं पाऊल उचलत नाही. देवाचा कायदा असा, की एका ढोलाला एक माणूस. ढोल एकाच्या गळ्यात आणि डावीकडून बडवायला दुसरा, हे चालत नाही. पाच फेर पुरे व्हायच्या आत ढोल थांबला, तर मान तिथल्या तिथं दुसऱ्या भावकीत जातो.

दुसरी भावकी म्हणजे सूर्यभान. तो वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो चार मोसंब्या घेऊन दत्तरावला बघायला आला, खाटेशी तासभर बसला, आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरामागून ढोलाचा आवाज येऊ लागला. त्याला सराव करणं भागच होतं. पण तो आवाज आला की दत्तराव ताटातली भाकर तशीच ठेवून भिंतीकडं तोंड करून पडायचा. शेवटी दवाखान्याचं निमित्त करून मुंजाजीनं आईबापांना, ढोलासकट, सेलूला आपल्या खोलीवर आणलं.

मुंजाजीला ढोल येत नव्हता. घरात हे कुणी बोलत नसे. पोरानं मेंढरं राखू नयेत म्हणून दत्तरावनंच त्याला पाचवीला वसतिगृहात घातलं होतं. पोरगं शिकलं, गणिताचा मास्तर झालं, आणि ढोल शिकायचं वय तिकडं निघून गेलं. वारं गेल्यावर त्यानं एकदा ढोल गळ्यात अडकवून बघितला. दत्तरावनं घटकाभर ऐकलं आणि मान हलवली.

"तू मोजून मारायलास, मुंजा. नाचणाऱ्याचे पाय बघ की."

मुंजाजीनं पाय बघायचा प्रयत्न केला, पण डोक्यात एक-दोन-तीन-चार सुरू झाले ते थांबेनात. त्यानं ढोल उतरवून ठेवला. त्या दिवसापासून बापाच्या नजरेला नजर देणं त्याला जड जाऊ लागलं.

शाळेत सरकारनं दोन कॉम्प्युटर धाडले होते. ते चालवायचे कसे हे शिकायला मुंजाजीला औरंगाबादेला पंधरा दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथं विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं. एक दिवस मोर्चा, एक दिवस बंद, असं करत पंधराचे अकराच दिवस भरले. राहिलेल्या चार दिवसांचं ज्ञान एका जाड पुस्तकात घालून त्याच्या हाती दिलं. पुढचं सगळं तो त्या पुस्तकातून आणि स्वतःच्या चुकांतून शिकला.

यंत्राबरोबर आलेल्या कॅसेटमध्ये गाण्याचा एक प्रोग्रॅम होता. बटणं दाबली की सूर निघायचे, आणि शेवटी तेच सूर यंत्र एकदा वाजवून दाखवायचं. एकदाच. एका दुपारी मुंजाजीनं त्या प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर काढल्या आणि जिथं यंत्राला थांबायला सांगितलं होतं, तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू कर असं लिहिलं. यंत्र तेच ते वाजवू लागलं. मुंजाजी बाहेर जाऊन पाणी पिऊन आला तरी ते वाजवतच होतं. तेव्हा त्याच्या मनात आलं, की दादांचा, आपल्या बापाचा, डावा हात याला शिकवला तर?

मग तीन महिने त्याला दुसरं काही सुचलं नाही. यंत्राच्या पोटातून धुम काढायची म्हणजे आकड्यांशी कुस्ती. पहिली धुम निघाली ती पत्र्याचा डबा पडल्यासारखी. मग वालूरच्या लाऊडस्पीकरवाल्याकडून त्यानं एक जुना स्पीकर आणला आणि तो ढोलाच्या डाव्या तोंडाला अगदी लगटून दोरीनं आवळला. यंत्रानं ठोका दिला की समोरचं कातडं थरथरायचं आणि ढोल आपल्याच आवाजात धुमायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा शाळेच्या वर्गाच्या दारात बसलेली कासाबाई, मुंजाजीची आई, उठून आत आली आणि तिनं नवऱ्याचा डावा हात बघितला. तो मांडीवर तसाच पडला होता.

खरी अडचण चालीची होती. यंत्र एकाच गतीनं फिरत राहायचं, आणि फेर तर वाढत जातात. पहिला मेंढरांच्या चालीचा, पाचवा पळण्याचा. मुंजाजीनं यंत्रावर खेळ खेळायच्या दांड्यातलं, जॉयस्टिकचं, बटण काढून एका फळीखाली बसवलं आणि फळी दत्तरावच्या उजव्या पायाखाली दिली. म्हाताऱ्यानं पायानं ठेका धरायचा, यंत्रानं दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचं आणि त्या मापानं डावं तोंड वाजवायचं. पायाचे शेवटचे चार ठोके घेऊन सरासरी काढायची. सरासरी म्हटल्यावर गणिताच्या मास्तराला किती बरं वाटलं असेल ते विचारू नका.

दत्तरावला बरं वाटलं नाही. "ह्ये माझ्या मागं मागं यायलंय," तो म्हणाला. "डावा हात मागं नसतोय. डावा पुढं चालतो, उजवा त्येच्या मागनं बोलतो."

तेव्हा मुंजाजीनं सरासरी काढून टाकली आणि अंदाज घातला. पाय मागच्या दोन ठोक्यांत जितका घाईला आला, तितकीच घाई पुढच्या ठोक्यात धरायची आणि पायाच्या आधीच तिथं जाऊन पोचायचं. पुढच्या रविवारी, शाळेच्या रिकाम्या वर्गात, दत्तरावनं पहिला फेर वाजवला. संपल्यावर तो म्हणाला, की आता आपला हात असल्यासारखं वाटायलंय. मुंजाजीला त्या क्षणी आकाश ठेंगणं झालं. म्हातारा दमला होता, म्हणून पुढचे फेर वाजवायचे राहिले. पाचही फेर सलग वाजवून बघायला हवे होते.

जत्रेच्या दिवशी ऊन असं, की माळावर उभं राहवेना. मंडपाच्या कडेला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याचा टीव्ही, आणि मुंजाजी ओल्या पोत्यानं टीव्हीवर सावली धरून उभा. वीज जाईल म्हणून जनरेटर आणला होता. जनरेटर बंद पडेल म्हणून त्याच्या मालकाला चहा पाजून शेजारीच बसवला होता. प्रोग्रॅम कॅसेटवरून आत यायला पाच मिनिटं लागायची. पहिल्या खेपेला चार मिनिटांनी चूक दाखवून थांबला. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. मुंजाजीनं कॅसेट काढून धोतराच्या टोकानं पुसली, देवाकडं न बघता पुन्हा घातली आणि पाच मिनिटं श्वास धरून उभा राहिला. तिसऱ्या खेपेला प्रोग्रॅम आला.

मग पुजारी सिताराम पुढं झाला. लोकांत कुजबुज होती, की हा दुसरा माणूस धरायचा का नाही. सितारामनं टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, की हे जेवतं का? मुंजाजी नाही म्हणाला. दमतं का? नाही. सितारामनं सूर्यभानकडं बघितलं.

"ह्ये माणूस न्हाई," तो म्हणाला. "ढोलाला दुसऱ्या माणसाचा हात लागू नये, एवढंच देवाचं म्हणणं हाय. हात लागला की मान गेला. काय सूर्यभान?"

सूर्यभाननं हात जोडून मान डोलावली. त्याचा स्वतःचा ढोल मात्र त्याच्या गुडघ्याला टेकून उभा होता.

दत्तराव स्टुलावर बसला. गळ्यात ढोल, डावा हात मांडीवर, उजवा पाय फळीवर. त्यानं पायानं चार ठोके दिले आणि डावं तोंड धुमलं. फेरातल्या वीसेक माणसांची पावलं एकदम उचलली. बायांच्या घोळक्यातून हुंदक्यासारखा आवाज आला. ती कासाबाई होती. मुंजाजीचं लक्ष तिकडं नव्हतं. तो जनरेटरचा आवाज ऐकत होता, टीव्हीचा पडदा बघत होता आणि यंत्राच्या पाठीला हात लावून ते किती तापलंय ते बघत होता. पहिला फेर झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला चाल वाढली आणि यंत्र तिच्याबरोबर वाढलं, एक ठोका इकडचा तिकडं न होता. ज्या ज्या गोष्टीची त्यानं तीन महिने धास्ती घेतली होती, ती प्रत्येक गोष्ट शहाण्यासारखी वागत होती.

चौथा फेर अर्ध्यावर आला तेव्हा त्याला काहीतरी खटकलं. पडद्यावर दोन ठोक्यांमधल्या अंतराचा आकडा दिसायचा. पाचव्या फेराच्या शेवटी जो आकडा येईल असा त्याचा हिशेब होता, तो आताच आला होता, आणि अजून उतरत होता. त्यानं बापाच्या पायाकडं बघितलं. पाय थडथड उडत होता. मग त्याच्या लक्षात आलं. दत्तरावचा पाय जन्मभर डाव्या हाताच्या मागं चालत आला होता. डावं तोंड अंदाजानं केसभर आधी वाजायचं, पाय त्याला गाठायला घाई करायचा, यंत्र ती घाई बघून आणखी पुढचा अंदाज धरायचं. म्हातारा आणि यंत्र एकमेकांना ढकलत सुटले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपणच मागं पडतोय.

फेर आता फेर राहिला नव्हता. माणसं नुसती पळत होती. एक जण आडवा झाला, त्याला ओलांडून बाकीचे पुढं गेले. लोकांना वाटलं देव आलाय, आणि ते आणखी ओरडू लागले. दत्तरावचा चेहरा राखेसारखा झाला होता. तोंडाची डावी कड खाली ओघळली होती, दिवाळीत ओघळली होती तशीच. रक्तदाब वाढू द्यायचा नाही, दुसरं वारं आलं तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण म्हातारा आपण होऊन थांबणारा नव्हता. थांबला की मान गेला.

यंत्र बंद केलं, तर ढोल थांबणार आणि मान जाणार. चालू ठेवलं, तर बाप जाणार. तेवढ्यात मुंजाजीची नजर बटणांच्या खालच्या लांब पट्टीवर गेली. सुरुवातीला, धुम कशी निघते ते बघायला, त्यानं प्रोग्रॅममध्ये एक सोय ठेवली होती. ती पट्टी दाबली की यंत्र आपण होऊन वाजवणं सोडून द्यायचं, आणि मग एका दाबाला एक धुम.

त्यानं पट्टीवर बोट ठेवलं. सितारामचे शब्द त्याला चांगले आठवत होते. त्यानं बोट दाबलं.

पहिला ठोका उशिरा पडला. दुसरा फार आधी. डोक्यात एक-दोन-तीन-चार सुरू झाले आणि तिसराही हुकला. तिकडं सूर्यभाननं मान वर केली. मुंजाजीनं घाबरून पडद्यावरची नजर काढली आणि फेराकडं बघितलं. सगळ्यांच्या पुढं एक थोराड माणूस होता, त्याच्या टाचांना भेगा पडलेल्या, आणि त्या टाचा जमिनीवर टेकताना किंचित रेंगाळत होत्या. दमली होती ती पावलं. त्यांना हळू व्हायचं होतं. मुंजाजीनं टाच टेकायच्या जरा आधी पट्टी दाबली. मग पुढची टाच. मग पुढची. आकडे कधी गळून पडले ते त्याला कळलं नाही. डावं तोंड सावकाश झालं, आणि दत्तरावचा पाय, जन्माच्या सवयीनं, त्याच्या मागनं सावकाश झाला. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. त्यानं मान वळवली नाही, फक्त ढोलावरचा उजवा पंजा सैल सोडला आणि उजवं तोंड निवांत बोलू लागलं.

पाचवा फेर मुंजाजीनं पावलांच्या कलानं चढवला आणि पावलांच्या कलानंच उतरवला. ढोल थांबला तेव्हा त्याचं बोट पट्टीला चिकटल्यासारखं झालं होतं. आजूबाजूला कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. ओल्या पोत्याआड, टीव्हीमागं त्याचा हात कुणाला दिसण्यासारखा नव्हताच. आपण सुटलो, असं त्याला वाटलं, आणि लगेच आपण देवाला फसवलं, असंही वाटलं.

सिताराम भंडाऱ्याचं ताट घेऊन आला. त्यानं दत्तरावच्या कपाळाला बोट लावलं, नारळ ओटीत घातला आणि मुंडाशाची घडी उलगडली. सूर्यभाननं आपला ढोल उचलून पाठीशी टाकला. मान राहिला होता. दत्तरावनं उजवा हात वर करून सितारामचा हात धरला.

"थांब," तो म्हणाला. धाप लागली होती, शब्द एकेक करून येत होते. "तीन फेर डावं तोंड यंत्रानं वाजवलं. एक ठोका चुकला न्हाई. चौथ्यात तीन ठोके चुकले, अन् मंग सावरले. त्ये यंत्राचं काम न्हाई. माणसाचा हात लागलाय."

मुंजाजीला बापाचा असा राग आला, की पोत्यासकट सगळं उचलून फेकावं. तीन महिन्यांची झोप, शाळेचं यंत्र, दीड कोस छातीशी धरून आणलेलं खोकं, आणि म्हाताऱ्यानं चार शब्दांत सगळं देऊन टाकलं. कुणाला कळलं नव्हतं. कुणाला कधीच कळलं नसतं.

दत्तरावनं मुंडासं हातात घेतलं आणि सूर्यभानला जवळ बोलावलं. सूर्यभान नको नको म्हणत मागं सरू लागला, पण म्हातारा हात पुढं करून तसाच राहिला तेव्हा त्याला खाली वाकावं लागलं. एका हातानं मुंडासं बांधता येत नाही. दत्तरावनं ते त्याच्या डोक्यावर नुसतं ठेवलं. मग ताटातला मूठभर भंडारा घेऊन तो स्टुलावरून उठला आणि पाय ओढत टेबलापर्यंत आला. मुंजाजीला वाटलं, आता यंत्रावर उधळतो. सोमवारी शाळेत काय सांगायचं? त्यानं घाईनं बटणांवर पोतं ओढलं. पण दत्तरावनं त्याचा उजवा हात धरून पुढं ओढला आणि त्याच्या बोटाला भंडारा चोळला, सांध्यापासून नखापर्यंत, जखमेला हळद लावतात तसा.

"पाय बघितलेस," तो म्हणाला.

मुंजाजीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि त्यानं नुसती मान हलवली.

उन्हं कलल्यावर गाडी वालूरकडं निघाली. कासाबाई पुढं गाडीवानाशेजारी बसली होती, खोकं मागं वाकळांवर हिंदकळत होतं, आणि आत, यंत्राच्या लांब पट्टीवर, मुंजाजीच्या बोटाचा पिवळा डाग पडला होता, तो पुसायचा राहून गेला होता. मुंजाजीनं बापाला खांद्याशी टेकवून घेतलं होतं. मधूनमधून तो त्याचा श्वास ऐकत होता. म्हाताऱ्याचा डावा हात त्यानं आपल्या मांडीवर घेतला होता आणि त्या निर्जीव पंजावर मुंजाजीचं बोट, त्याला नकळत, हळूहळू पडत होतं.

"बैलाच्या पायावर वाजवायलास का?" दत्तरावनं डोळे मिटूनच विचारलं.

"तुमाला कळायलंय, दादा?"

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "डाव्या हाताला कुठलं कळतंय. तुझा खांदा हलायलाय."

मुंजाजीनं बोट थांबवलं. दत्तराव म्हणाला, की थांबू नको, वालूर अजून लांब हाय.